फुलसिंगच्या साडेतीन बंड्या

"सांगा दौलतराव, मागच्या साली या वावरात काय होतं?"

शेतकी खात्याचे जमादार बबनराव दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली सायकल आडवी टाकून बसले होते. मांडीवर कागदांचं पुडकं, कानावर पेन्सिल. धुऱ्याच्या पलीकडे फुलसिंगची ज्वारी पुरुषभर उभी होती आणि कणसं दाण्यांनी वाकली होती. अलीकडे दौलतरावांची कपाशीची पऱ्हाटी होती. भादव्यातल्या पावसाच्या झडीनं तिच्या पात्या कळीतच गळून पडल्या होत्या आणि जी बोंडं उरली होती ती चिमणीच्या डोक्याएवढीच राहिली होती.

दौलतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. आभाळाकडे पाहिलं. मग नाल्याकडे पाहिलं.

"मले याद नाही," ते म्हणाले.

पेन्सिल कानावरून काढता काढता जमादारांचा हात थांबला. शेजारी उभा असलेला नवा पटवारी पायानं ढेकूळ फोडत होता, तोही थांबला. धुऱ्याच्या दगडाशी उकिडवा बसलेल्या फुलसिंगनं मान वर करून दौलतरावांकडे पाहिलं.

मामला असा होता. लढाई पेटली, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला आणि सरकारला एकाएकी ज्वारीचं प्रेम आलं. मृगाच्या आधी गावात आणि फुलसिंगच्या बंजारा तांड्यात दवंडी फिरली. जो कास्तकार पऱ्हाटी बंद करून त्या जागेत ज्वारी पेरील, त्याला सरकार एकरी मदत देईल. फुलसिंगनं पेरली. आता पीक डोळ्यांनी पाहून मदत मंजूर करायला जमादार शेलूबाजारहून आले, तर पटवाऱ्याच्या कागदात घोळ. जुन्या पटवाऱ्यानं बदलीच्या घाईत मागचा पेरा चावडीत बसूनच लिहून टाकला होता. फुलसिंगच्या बरड वावरात पऱ्हाटी कोण पेरणार, असं म्हणून त्यानं आदल्या सालची ज्वारीच तिथे उतरवली होती. कागदाप्रमाणे ज्वारीच्या जागी ज्वारी, मग मदत कसली? मागच्या पऱ्हाट्या तर उपटून कधीच चुलीत गेल्या होत्या. तांड्यातल्या कोणाची साक्ष चालत नव्हती, ते सगळे सोयरे. उरला धुरेकरी, म्हणजे ज्याचा धुरा आपल्या धुऱ्याला लागतो तो शेतकरी. फुलसिंगच्या वावराला एका अंगानं नाला, दुसऱ्या अंगानं गायरान, तिसऱ्या अंगानं पांदण. चौथ्या अंगाला दौलतराव.

आणि दौलतरावांना याद नव्हती!

आता खरं सांगायचं तर फुलसिंगच्या वावराची याद अख्ख्या पंचक्रोशीत कोणाला असेल तर ती दौलतरावांनाच. स्वतःच्या शेतात तिसऱ्या साली काय पेरलं होतं हे त्यांना बायकोला विचारावं लागे, पण फुलसिंगच्या शेतातली वीस वर्षांची पिकं त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. कोणत्या साली तूर किती झाली, कोणत्या गाईला कधी गोऱ्हा झाला, पेरणीच्या दिवशी कोणत्या बैलाला ठेच लागली, सगळं. माणूस ज्याच्यावर जळतो त्याच्याकडे जितकं बारीक पाहतो तितकं तो आपल्या लेकराकडेही पाहत नाही.

ही जळण काही एका दिवसात पेटली नव्हती. दौलतरावांची जमीन काळीभोर, वाडवडिलांची. फुलसिंगच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहणं सोडलं आणि नाल्याकाठचे दगड वेचून वेचून सहा एकर बरड उघडी केली. त्या बरडात पिकून पिकून काय पिकणार? पण जे काही पिके ते दौलतरावांच्या डोळ्यांत खुपे. एका साली गारपीट झाली, ती दौलतरावांची तूर झोडपून नेमकी धुऱ्याशी थांबली. दौलतराव धुऱ्यावर उभे राहून किती तरी वेळ आभाळाकडे पाहत होते. तेव्हापासून पाऊससुद्धा तांड्याचा सोयरा आहे असं त्यांचं पक्कं मत झालं.

एक गोष्ट मात्र फुलसिंगकडे नव्हती आणि दौलतरावांकडे होती. विहीर. माघ सरला की नाला आटे आणि फुलसिंग रोज सकाळी धुरा ओलांडून येई. पागोटं सारखं करी, दोन पावलं दूर उभा राही आणि विचारी, "दौलतभाऊ, बैलं आणू काय पाण्यावर?" दौलतराव लगेच हो म्हणत नसत. मोटेचा नाडा तपासत, बैलाच्या पाठीवर थाप मारत, एखादी चिलीम ओढत. मग म्हणत, "आन." नाही असं त्यांनी वीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. पण त्या विचारण्यात आणि 'आन' म्हणण्यात जो वेळ जाई, त्या वेळात दौलतराव खरे दौलतराव असत. गारपीट, तूर, बैल, सगळं त्या घटकेत फिटून जाई.

आणि यंदाची ज्वारी? तिचं तर नावच काढू नका. दवंडी झाली त्या दिवशी फुलसिंग सल्ला विचारायला आला होता. "भाऊ, सरकार म्हणून राह्यलं ज्वारी पेरा. पेरू काय?" दौलतरावांना मनातून खात्री होती की सरकार कधी कोणाला फुकट छदाम देत नाही आणि यंदा कापसाला भाव येणार. म्हणून ते अगदी पोटतिडकीनं म्हणाले होते, "पेर ना बाप्पा! सरकारचा हुकूम हाय. सारं वावर पेर." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. झडीनं पऱ्हाटी झोपली, ज्वारी तरारली आणि वर सरकारचा जमादार मदत घेऊन दारी आला. त्यावर कडी म्हणजे फुलसिंग गावभर सांगत फिरत होता, "दौलतभाऊनं सांगितलं म्हणून पेरली. माह्यासाठी देवमानूस हाय." हे 'देवमाणूस' कानावर आलं की दौलतरावांना जेवण जात नसे.

जमादारांनी पुन्हा एकदा विचारलं, "नीट आठवा. पऱ्हाटी होती का ज्वारी?"

"आता एवढ्या गोष्टी कुठं ध्यानात राह्यतेत, साहेब. आपल्याच वावराचा घोर काय कमी हाय!"

"मग कागद म्हणते तेच खरं धरा लागीन."

"धरा. माहं काय जाते?"

जमादारांनी उन्हाकडे पाहिलं. "भाकरी खाऊन घेऊ. मंग नाव काटतो अन् जातो. कामरगावले जायाचं हाय मले." ते आणि पटवारी बाभळीखाली शिदोरी सोडून बसले. दौलतराव आपल्या विहिरीकडे वळले.

विहिरीवर प्रयागबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. दौलतरावांनी पहिला घास मोडला, तोवर बाईंनी सुरुवात केली.

"रामीबाई आत्ता घागर भरून गेली. माह्याशी एक शबूद बोलली नाही. काय केलं तुमी?"

रामीबाई म्हणजे फुलसिंगची बायको. दोघी बायका याच विहिरीच्या थारोळ्याशी बसून वीस वर्षं सुखदुःख बोलत आल्या होत्या.

"म्या काय केलं? जमादारानं इचारलं, म्या म्हटलं याद नाही."

"याद नाही?" प्रयागबाईंचा हात कमरेवर गेला. "मागच्या साली तिले सीतादही म्या शिकोली! दहीभात म्या कालवून देला. पयल्या वेचणीले वावरात शिंपडून आली बिचारी. आन् तुमी या बाभळीमांगून पाहून राह्यले होते. ज्वारीत कोनी सीतादही करते काय?"

"हळू बोल. जमादार आयकते."

"आयको! मले कोनी इचारलंच नाही, नाही तं म्या सांगितलं असतं."

"खाऊ दे ना मले."

"खा. पन एक सांगते." प्रयागबाई खाली बसल्या आणि आवाज उतरवून बोलल्या. त्यांचा उतरलेला आवाज चढलेल्यापेक्षा वाईट, हे दौलतराव जाणून होते. "त्याले पैसा भेटते, हे तुमाले नाही खुपून राह्यलं. त्या पैशाची तो इहीर खोदनार हाय. रामीबाईनंच सांगितलं मले. त्याची इहीर झाली मंग तुमाले सकाळी सकाळी कोन इचारीन, पानी घेऊ काय म्हणून? हे खुपून राह्यलं तुमाले."

दौलतरावांचा घास तोंडातच फिरला. ठेचा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाईमाणसाला इतकं कळू नये. स्वतःला न कळलेलं तर अजिबात कळू नये. ते अर्ध्या भाकरीवर उठले, चूळ भरली आणि बाभळीकडे चालू लागले.

जमादार कागद आवरत होते. "चाल फुलसिंग, अंगठा दे. मदत नामंजूर. उगाच मनाले लावून घेऊ नोको. कागदापुढं माहं काही चालत नाही."

फुलसिंग उठला. कपाळावरचा घाम त्यानं हातानं निपटला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता आणि बोलत होता तो जमादारांशी, पण उभा होता दौलतरावांच्या बाजूला तोंड करून.

"देतो साहेब अंगठा. पन मनात राह्यते म्हणून सांगतो. लय कापूस झालता मले मांगच्या साली. या बरडात असा कापूस कोनाले झाला नसीन. पाच बैलबंड्या नेल्या म्या कारंज्याच्या बाजारात. गच्च भरून पाच बंड्या!"

"पाच?"

हा शब्द दौलतरावांच्या तोंडून कसा निघाला हे त्यांनाही कळलं नाही. शब्द निघाला आणि त्याच्या मागून बाकीचे, गोठ्याचं दार उघडल्यावर गुरं निघावीत तसे.

"पाच बंड्या? अबे, कोनाले सांगतं? पाच कुठच्या! साडेतीन झाल्या होत्या. साडेतीन! पयल्या वेचणीची एक, दुसरीची दीड, अन् तिसरीची एक. तेबी तिसरीले निम्मा कवडी कापूस होता, पिवळा पडलेला. चवथी वेचणी तं केलीच नाही तुनं, बोंडअळीनं खाल्ली सारी. या नाल्याकडच्या सात ओळींले तं बोंडच नव्हतं. म्हणे पाच बंड्या! माह्या काळ्या वावरात साडेचार झाल्या अन् याच्या बरडात पाच?"

बोलता बोलता त्यांनी श्वास घेतला आणि तिथेच सगळं त्यांच्या ध्यानात आलं. पटवाऱ्यानं तोंडाला धोतराचा सोगा लावला होता आणि त्याचे खांदे गदगदत होते.

जमादारांचा चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा गंभीर होता. त्यांनी पेन्सिलीला जीभ लावली. "धुरेकरी दौलतराव यांचं म्हणणं," ते लिहिता लिहिता मोठ्यानं बोलू लागले, "की मागच्या साली सदर शेतात पऱ्हाटी होती व कापूस साडेतीन बंड्या झाला. बरोबर?"

दौलतरावांनी फुलसिंगकडे पाहिलं. नाही म्हणायला अजून वाव होता. पण नाही म्हटलं तर पाच बंड्या खऱ्या ठरत होत्या, निदान या चार माणसांत तरी, आणि ते त्यांच्यानं सोसवणारं नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले. "साडेतीनच."

त्यांनी सही केली. 'दौलत' एवढं ऐसपैस लिहिलं की 'राव' पार कागदाच्या कडेला गेला. फुलसिंग वाकून त्यांच्या पायांना हात लावू लागला तसे ते मागे सरले. "हट! खोटं बोलतं साल्या," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

घरी जाताना पांदणीत त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फुलसिंगनं जन्मात कधी एक बोंड वाढवून सांगितलं नव्हतं. उलट चांगलं पिकलं तरी "झालं जरा" म्हणणारा माणूस तो. मग आजच पाच बंड्या कुठून आल्या? दौलतराव पांदणीत मधोमध उभे राहिले. आपण वीस वर्षं धुऱ्यापलीकडे पाहत आलो, तर तेवढीच वर्षं धुऱ्यापलीकडून कोणीतरी आपल्याकडेही पाहत होतं. आपल्याला कुठं दाबलं म्हणजे आपण ओरडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यांना राग आला. पण रागापेक्षा जास्त, चारचौघांत धोतर सुटावं तशी लाज वाटली.

पौषात मंगरुळपीरच्या कचेरीत फुलसिंगला मदत मिळाली. माघात त्यानं वावराच्या कोपऱ्यात नारळ फोडला आणि तांड्यातला भाऊसिंग पाच माणसं घेऊन खोदायला आला.

दौलतराव रोज धुऱ्यावर येऊ लागले. बैलाला चारा कापायचं निमित्त असे. आठ हातांवर मुरूम लागला. बारा हातांवर काळा पत्थर लागला तेव्हा दौलतरावांना त्या रात्री छान झोप आली. भाऊसिंगनं पत्थराला सुरुंग लावला. सोळा हात गेलं तरी खाली कोरडंच होतं. खोदणाऱ्या माणसांना प्यायला पाणी दौलतरावांच्याच विहिरीचं लागत होतं आणि दौलतराव ते सढळ हातानं देत होते. इतकं हसून त्यांनी कोणाला कधी पाणी दिलं नव्हतं. "घ्या, घ्या. लाजू नोका. आपल्या इहिरीले तोटा नाही," ते म्हणत. फुलसिंग सकाळी येई, पागोटं सारखं करी, विचारी. आता दौलतराव चिलीमही न ओढता म्हणत, "आन ना, आन." प्रयागबाई हे पाहत आणि पदर तोंडाला लावत.

"रानबा पाणाड्या म्हणतो, इथं पानी नाही म्हणून," दौलतराव एकदा अगदी आपुलकीनं फुलसिंगला म्हणाले. "कायले जीव काढून राह्यला? माही इहीर हायच ना."

"हाये ना भाऊ," फुलसिंग म्हणाला. "तिच्याच भरवशावर इतके दिवस काढले."

वैशाखातल्या एका दुपारी, एकवीस हातांवर, सुरुंगाच्या आवाजापाठोपाठ माणसांचा कल्लोळ उठला. दौलतराव गोठ्यात होते. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी हातातलं वैरणीचं ओझं खाली ठेवलं आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. तांड्यातल्या बायका गात गात विहिरीकडे निघाल्या होत्या. त्यांत रामीबाईचा आवाज त्यांना ओळखू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे विहिरीवर गेले. मोट जुंपली. दोन मोटा ओढल्या, थारोळं भरलं. मग बैल थांबवले. ऊन बाभळीच्या शेंड्यावरून खाली उतरलं. थारोळ्यात एक साळुंकी आली, पाणी प्यायली आणि गेली. नाडा तपासण्यासारखा नव्हता, तरी त्यांनी तपासला. चिलीम भरली आणि न पेटवता तशीच ठेवली.

"कोनाची वाट पाहून राह्यले?" प्रयागबाईंनी विचारलं. त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"कोनाची नाही."

एवढ्यात धुऱ्यावर फुलसिंगचं लाल पागोटं दिसलं. दौलतराव ताडकन उठले. पागोटं दोन पावलं दूर येऊन थांबलं आणि फुलसिंगनं तोंड उघडायच्या आत दौलतरावच बोलून गेले, "बैलं आनतं काय पाण्यावर? आन, आन. भरलं हाय थारोळं."

फुलसिंगच्या खांद्यावर कोरं मडकं होतं, कुंभाराकडून नुकतंच आणलेलं, कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेलं.

"नाही भाऊ. पानी न्यायाले नाही आलो. घेऊन आलो." त्यानं मडकं दोन्ही हातांवर घेतलं. "पयलं पानी देवाले देलं. दुसरं धुरेकऱ्याचं असते. कोऱ्या मडक्यात आनलं. आमच्या घरच्या भांड्यात नाही. तुमी घ्यान का नाही घ्यान, मले माहीत नाही. पन आनल्याबिगर राह्यवलं नाही."

तांड्यातलं पाणी दौलतरावांच्या ओठाला आजवर लागलं नव्हतं. त्यांच्या बापाच्याही नाही. प्रयागबाई डोक्यावरचा पदर सारखा करून दुसरीकडे पाहू लागल्या. पाहू नये असं काही घडत असलं की त्या तसंच करत.

दौलतरावांनी पायातल्या वहाणा काढल्या. खाली बसले, ओंजळ केली आणि तोंडाजवळ नेली. फुलसिंगनं वरून धार सोडली.

पाणी थंड होतं. पत्थरातलं होतं, त्यामुळे त्याला कसलाच वास नव्हता. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ आहे हे दौलतरावांना वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होतं, पण ते त्यांनी कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. शेजारी दुसरं पाणीच नव्हतं तोवर बोलायचं कारण नव्हतं.

"कसं हाय भाऊ?" फुलसिंगनं विचारलं. त्याचा आवाज जमादारापुढे झाला नव्हता तितका बारीक झाला होता.

दौलतरावांना खूप काही म्हणता आलं असतं. उन्हाळा अजून सरला नाही, म्हणता आलं असतं. जेठात कळेल, म्हणता आलं असतं. हे सगळं त्यांच्या जिभेवर येऊन गेलं. त्यांनी ओल्या मनगटानं मिशा पुसल्या आणि ओंजळ पुन्हा तोंडाशी नेली.

"फुलसिंग," ते खाली मान घालून म्हणाले, "अजून घेऊ काय?"